टोकाच्या परिस्थितीतले सूक्ष्मजीव : चिवटपणा महत्त्वाचा की शेजार?

शैवाल (धागाकर्ता)

उकळते झरे, मिठाने साकळलेली तळी किंवा खाणींतले आम्ल अशा ठिकाणी जगणाऱ्या सूक्ष्मजीवांविषयी जे लोकप्रिय लेखन होते, ते बहुतेक वेळा विक्रमांच्या यादीपाशीच थांबते. विक्रम खोटे नाहीत. मेथॅनोपायरस कँडलेरी या आर्कियाचा (आर्किया म्हणजे जीवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या वंशाचे एकपेशीय जीव) एक वाण प्रयोगशाळेत १२२ अंश सेल्सिअसला वाढतो हे २००८ साली दाखवले गेले, आणि तेही खोल समुद्रासारखा दाब दिल्यावर. पण निसर्गात हे जीव सहसा एकटे राहत नाहीत. माझे म्हणणे असे आहे की अशा जागी कोणाला प्रवेश मिळेल हे उष्णता, आम्ल किंवा मीठ ठरवते. पण आत गेल्यावर कोण वाढेल, कोण कोणाच्या जिवावर जगेल आणि कोणाची उत्क्रांती कोणत्या दिशेने जाईल, हे प्रामुख्याने शेजारी ठरवतात. त्यासाठी दोन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या झऱ्यांचे आहे. टॉमस ब्रॉक यांनी तिथून थर्मस अ‍ॅक्वाटिकस शोधला, १९६९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि पुढे त्याच्या विकरावर डीएनएच्या भरपूर प्रती काढण्याचे पीसीआर हे तंत्र उभे राहिले. ही कथा सर्वांना ठाऊक असल्यामुळे तिच्यात शिरत नाही. मला ऑक्टोपस आणि मशरूम या झऱ्यांच्या प्रवाहातला हिरवा थर अधिक बोलका वाटतो. उगमाचे पाणी वाहता वाहता निवत जाते आणि सुमारे ७३ अंशांच्या खाली आले की तळावर सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू, दिसू लागतात. त्याहून गरम पाण्यात प्रकाशसंश्लेषण चालत नाही. वरचा हिरवा पापुद्रा जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा असतो आणि त्याच्या खाली नारिंगी थर असतात. भर दुपारी या पापुद्र्यात ऑक्सिजन इतका तयार होतो की तो पाण्यात मावत नाही. मात्र प्रकाश गेला की काही मिनिटांतच तो संपतो, कारण थरातले सगळेच रहिवासी श्वसन करत असतात. मग दिवसा साखर साठवणारे सिनेकोकॉकस हे सायनोबॅक्टेरिया रात्री तीच साखर आंबवू लागतात. ऑक्सिजनमुळे निकामी होणारे नायट्रोजन स्थिरीकरणाचे विकरही त्यांना याच वेळी चालवता येते. आंबवण्यातून बाहेर पडलेली सेंद्रिय आम्ले रोझिफ्लेक्ससारख्या जीवाणूंच्या वाट्याला येतात. डेव्हिड वॉर्ड यांच्या गटाने पुढे असेही दाखवले की वरवर सारखे दिसणारे सिनेकोकॉकस प्रत्यक्षात अनेक वंशांत विभागलेले आहेत. प्रत्येक वंशाचा तापमानाचा पट्टा ठरलेला असतो आणि एकाच जागीही मिलिमीटरच्या अंशाइतक्या खोलीत, प्रकाशाच्या मानाने, त्यांची वाटणी झालेली असते.

दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटनच्या रिचमंड खाणीचे. इथले पाणी जगातल्या सर्वांत आम्लयुक्त नैसर्गिक पाण्यांत मोडते. काही ठिबकांचा सामू उणे ३.६ मोजला गेला आहे. सूक्ष्मजीव जिथे दाट साय धरतात तिथला सामू सुमारे १ असतो. खडकात पायराइट हे लोह आणि गंधकाचे खनिज आहे. लेप्टोस्पिरिलम हा जीवाणू फेरस लोहाचे फेरिक लोह करतो आणि त्यातून ऊर्जा मिळवतो. ते फेरिक लोह आणखी पायराइट विरघळवते, त्यातून पुन्हा फेरस लोह आणि आम्ल तयार होते. इथे ज्याला आपण टोकाची परिस्थिती म्हणतो तिचा मोठा भाग रहिवाशांनीच तयार केलेला आहे, आणि तो त्यांनी तयार केला म्हणूनच इतरांना तिथे शिरकाव उरत नाही. अधिवासाने जीव घडवला की जीवांनी अधिवास, हा प्रश्न अशा ठिकाणी सरळ उत्तर देत नाही.

यावर जाणकारांचे मत वाचायला आवडेल. केवळ विक्रम सांगणारे प्रतिसाद शक्यतो टाळावेत, ही विनंती.

प्रश्नचिन्ह

धागा आवडला. एक शंका आहे. अशा जागी प्रजाती मोजक्याच असतात. मग मूठभर प्रजातींच्या समूहावरून शेजाराविषयी व्यापक निष्कर्ष काढणे कितपत योग्य आहे? ज्या मातीत हजारो प्रजाती एकत्र नांदतात तिथे हे नियम लागू पडतीलच असे नाही.

शैवाल

@प्रश्नचिन्ह, मोजक्या प्रजाती असणे ही अभ्यासकांच्या दृष्टीने अडचण नसून सोय आहे. २००४ साली जिल बॅनफिल्ड यांच्या गटाने रिचमंड खाणीतल्या सायीचा सगळा डीएनए एकत्रच वाचला आणि कोणताही जीव वेगळा न वाढवता त्यातून दोन जनुकसंच जवळजवळ पूर्ण जुळवले. मातीच्या बाबतीत त्या वेळी हे शक्य नव्हते, कारण तुकडे कोणाचे कोणाला जोडायचे हेच कळले नसते. त्या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग नायट्रोजनचा आहे. खाणीत बाहेरून सेंद्रिय खुराक फारसा येत नाही, तेव्हा नायट्रोजन हवेतूनच कोणीतरी घेत असले पाहिजे. पण बहुसंख्य असलेल्या जीवाणूच्या जनुकसंचात त्यासाठीची जनुके सापडेनात. ती सापडली अल्पसंख्य असलेल्या दुसऱ्या एका लेप्टोस्पिरिलममध्ये. एवढ्या माहितीवर संशोधकांनी नायट्रोजनरहित माध्यम वापरून तो जीवाणू वेगळा वाढवला आणि त्याचे नावही त्या गुणावरून ठेवले. संख्येने नगण्य असलेल्या सदस्यावर सगळ्यांचे पोट अवलंबून असू शकते, ही गोष्ट हजार प्रजातींच्या गर्दीत इतक्या स्पष्टपणे दिसली नसती. मातीतही असे घडत असणार, पण तिथे ते दाखवून देणे कित्येक पटींनी अवघड आहे.

खारफुटी

मूळ मुद्द्याशी बऱ्याच अंशी सहमत आहे. त्याला मिठाच्या बाजूने पुष्टी देतो.

मिठागराच्या शेवटच्या कप्प्यात, जिथे मीठ स्फटिकरूपाने खाली बसू लागते, पेशीपुढे दोनच मार्ग उरतात. एक म्हणजे आत एक्टोइन किंवा ग्लायसिन बीटेन यांसारखी निरुपद्रवी द्रव्ये साठवून बाहेरच्या मिठाचा ताण तोलायचा; हा मार्ग ऊर्जेच्या दृष्टीने महाग पडतो. दुसरा म्हणजे पोटॅशियमचे क्षार थेट पेशीत भरून घ्यायचे. पण मग आतल्या झाडून सगळ्या प्रथिनांना त्या खारटपणात काम करता आले पाहिजे, आणि त्यासाठी त्यांच्या पृष्ठभागावर आम्लधर्मी अमिनो आम्लांचे प्रमाण खूप वाढावे लागते. हॅलोआर्किया, म्हणजे मिठात राहणारे आर्किया, या दुसऱ्या वाटेने गेले. २००२ साली वर्णन झालेला सॅलिनिबॅक्टर रुबर हा मात्र आर्किया नाही, पूर्णपणे जीवाणू आहे. तरीही तो त्याच कप्प्यांत, त्याच वाटेने, तशाच आम्लधर्मी प्रथिनांसह आणि तशाच तांबूस रंगासह जगतो. त्याच्या जनुकसंचात काही जनुके हॅलोआर्कियांकडून आलेली दिसतात, पण प्रथिनांमधले बहुतेक बदल त्याने स्वतंत्रपणे कमावलेले आहेत. म्हणजे सारखी परिस्थिती आणि शेजाऱ्याकडून झालेली उसनवारी, या दोन्ही गोष्टी एकाच जीवात शेजारी-शेजारी दिसतात.

खुद्द हॅलोआर्कियांची कुळकथाही याच अंगाने जाते. त्यांचे पूर्वज मिथेन तयार करणाऱ्या, ऑक्सिजन न चालणाऱ्या आर्कियांपैकी होते. तिथपासून ऑक्सिजनवर जगणाऱ्या, सेंद्रिय द्रव्ये खाणाऱ्या जीवांपर्यंतचा प्रवास जीवाणूंकडून घेतलेल्या जनुकांशिवाय झाला नसता. २०१२ सालच्या एका अभ्यासाने ही जनुके हजाराच्या घरात असून ती एका मोठ्या घटनेत आली असे मांडले. नंतरच्या विश्लेषणांनी तो आकडा फुगवलेला आहे आणि ही आवक टप्प्याटप्प्याने झाली, असा आक्षेप घेतला. मला दुसरी बाजू अधिक पटते, कारण एका फटक्यात शेकडो परकी जनुके सामावून घेणारी पेशी त्यानंतर निवडीच्या चाळणीतून कशी टिकली याचे समाधानकारक स्पष्टीकरण पहिल्या बाजूकडे नाही.

तरी एका ठिकाणी सावध राहावेसे वाटते. डायनोकॉकस रेडिओड्युरन्स १९५६ साली किरणोत्सार देऊन निर्जंतुक केलेल्या डबाबंद मांसात सापडला. इतका किरणोत्सार पृथ्वीवर कुठेच नैसर्गिकरीत्या नसताना हा गुण आला कुठून, हा प्रश्न बरीच वर्षे पडून होता. १९९६ साली असे दिसले की किरणोत्साराला बळी पडणारे त्याचे उत्परिवर्तित वाण कोरडेपणालाही बळी पडतात. पेशी सुकली तरी डीएनएचे तुकडे होतात आणि ते पुन्हा जोडावे लागतात. किरणोत्सार सोसण्याची क्षमता हा त्या दुरुस्तीचा आनुषंगिक लाभ आहे. इथे शेजाऱ्याचा संबंध कुठेच येत नाही. चिवटपणालाही स्वतःचा इतिहास असतो, एवढेच म्हणायचे आहे.

दगडफूल

या चर्चेत भूगोल राहून गेला आहे, म्हणून लिहीत आहे.

सूक्ष्मजीव इतके लहान आणि इतके असंख्य असतात की ते वारा-पाण्याबरोबर सर्वत्र पोचतात आणि कुठे कोण वाढेल हे फक्त तिथली परिस्थिती ठरवते, असे मत डच शास्त्रज्ञ लौरेन्स बास बेकिंग यांनी १९३४ साली मांडले आणि ते पुढे कित्येक दशके जवळजवळ गृहीत धरले गेले. त्याला चांगला धक्का दिला तो उष्ण आम्लधर्मी झऱ्यांतल्या सल्फोलोबसने. हा आर्किया सुमारे ८० अंश तापमानात आणि ३ च्या आसपासच्या सामूत वाढतो. दोन झऱ्यांमधल्या थंड मातीत, नदीत किंवा समुद्रात त्याला वाढता येत नाही. त्याच्या दृष्टीने प्रत्येक झऱ्यांचा समूह हे बेट आहे. रेचल व्हिटकर आणि सहकाऱ्यांनी यलोस्टोन, कॅलिफोर्नियातले लासेन, रशियातले कामचात्का आणि आइसलँड इथले वाण गोळा करून अनेक जनुके ताडून पाहिली आणि २००३ साली दाखवले की प्रत्येक प्रदेशाची जनता वेगळी आहे, आणि प्रदेश जितके दूर तितका जनुकीय फरक अधिक आहे. झऱ्यांच्या तापमानातल्या किंवा सामूतल्या फरकांनी हा भेद समजावता येत नव्हता. एकाच प्रकारच्या उकळत्या आम्लात राहणारे हे जीव केवळ अंतरामुळे वेगवेगळे झालेले आहेत.

यानंतरचे काम मला त्याहून महत्त्वाचे वाटते. कामचात्कातल्या मुत्नोव्स्की ज्वालामुखीजवळच्या एकाच झऱ्यातून घेतलेल्या बारा वाणांचे पूर्ण जनुकसंच २०१२ साली तपासले गेले, तेव्हा एकाच पाण्यात सल्फोलोबसचे दोन गट आढळले. गटाच्या आत जनुकांची देवाणघेवाण मोकळेपणाने चालते, दोन गटांमध्ये मात्र ती काळाबरोबर घटत गेलेली आहे. समुद्र किंवा डोंगर आड न येताही प्रजाती फुटण्याची प्रक्रिया इथे चालू आहे. तेव्हा शैवाल यांच्या मांडणीत दोन दुरुस्त्या सुचवतो. शेजाऱ्यांइतकेच शेजाऱ्यांचे दूर असणेही उत्क्रांतीला वळण देते; आणि शेजार म्हणजे नेहमी संबंध असतोच असेही नाही, कारण एकाच पाण्यात राहूनही संबंध तुटू शकतात.

शैवाल

@दगडफूल, दोन्ही दुरुस्त्या मान्य. फक्त एक जोड देतो. संबंध तुटण्याच्या उलट बाजूला संबंध जुळण्याचेही उदाहरण आहे, आणि ते पुन्हा रिचमंड खाणीतलेच आहे. तिथल्या लेप्टोस्पिरिलमच्या दोन निकटच्या वाणांच्या पुनर्संयोजनातून संकरित वाण तयार झाले आणि त्यांतले काही खाणीतल्या विशिष्ट जागी वरचढ ठरले. २०१२ सालच्या या अभ्यासात वर्षानुवर्षांचे नमुने ताडून उत्परिवर्तनांचा वेग थेट निसर्गातच मोजला गेला, आणि त्या वेगावरून हिशेब करता हे संकर अवघ्या काही दशकांत झाल्याचे दिसले. उत्क्रांतीला नेहमी लाखो वर्षे लागतात असे मानणाऱ्यांनी हे काम अवश्य पाहावे.

उत्खनन

चर्चा चांगली चालली आहे, पण धाग्याच्या मूळ प्रमेयाला थेट छेद देणारे उदाहरण अजून कोणीच पुढे आणलेले नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या म्पोनेंग सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोलीवर, खडकाच्या भेगेतल्या सुमारे ६० अंशांच्या पाण्यात जो डीएनए मिळाला त्यातला ९९.९ टक्क्यांहून अधिक एकाच जीवाणूचा होता. त्याला डिसल्फोरुडिस ऑडॅक्सव्हिएटर असे नाव दिले गेले आणि त्याचा जनुकसंच २००८ साली प्रसिद्ध झाला. खडकातल्या युरेनियमच्या किरणोत्साराने पाण्याचे विघटन होते, त्यातून हायड्रोजन मिळतो. त्याच किरणोत्साराच्या रासायनिक परिणामांतून खडकातल्या गंधकाचे सल्फेट होते. हायड्रोजन आणि सल्फेट यांची सांगड घालून हा जीवाणू ऊर्जा मिळवतो, कार्बन आणि नायट्रोजन स्वतःच स्थिर करतो, सगळी अमिनो आम्ले स्वतः तयार करतो, वेळ पडल्यास बीजाणूही तयार करतो. सूर्याची गरज नाही आणि शेजाऱ्यांचीही नाही. एका प्रजातीची परिसंस्था जर असू शकते, तर शेजार ही टोकाच्या जागची अट कशी म्हणता येईल?

शिवाय याच जीवाणूवरच्या २०२१ सालच्या अभ्यासात आफ्रिका, सायबेरिया आणि कॅलिफोर्निया इथल्या खोल भूजलातले त्याचे जनुकसंच ताडले गेले, तेव्हा ते ९९ टक्क्यांहून अधिक सारखे निघाले. लेखकांचे म्हणणे असे की या वंशाच्या शाखा ५.५ ते १६.५ कोटी वर्षांपूर्वी, खंड एकमेकांपासून दूर होत असताना, वेगळ्या झाल्या आणि तेव्हापासून त्यांच्यात जवळजवळ काहीच बदल झालेला नाही. शेजारी नाहीत, म्हणून स्पर्धा नाही आणि उत्क्रांतीही थबकलेली आहे, असा अर्थ यातून काढता येतो.

दगडफूल

@उत्खनन, हा अर्थ मोहक आहे, पण २०१९ सालच्या एका कामाने त्यावर आधीच प्रश्नचिन्ह लावून ठेवले होते (हे नाव धारण करणाऱ्या सदस्यांची क्षमा मागून). सायबेरियातल्या एका खोल विहिरीच्या पाण्यातून हाच जीवाणू पहिल्यांदा प्रयोगशाळेत वाढवण्यात यश आले. योग्य खुराक मिळाल्यावर तो दीड दिवसाच्या आत दुप्पट होतो, म्हणजे मुळात मंद असणे हा त्याचा स्वभाव नाही. त्याच्या पेशींत वायूच्या पोकळ्याही आढळल्या. बीजाणू आणि या पोकळ्या लक्षात घेता तो हवेतून किंवा पृष्ठभागावरून दूर पसरत असावा आणि म्हणूनच दूरदूरचे वाण सारखे असावेत, असे त्या गटाने सुचवले. २०२१ च्या गटाचे उत्तर असे की ऑक्सिजन न सोसणाऱ्या या जीवाने भूपृष्ठावरून इतका प्रवास केल्याचा पुरावा नाही, आणि त्याची डीएनएची नक्कल व दुरुस्ती करणारी यंत्रणा असामान्य काटेकोर असू शकते.

मला या दोहोंपैकी प्रसाराची शक्यता अधिक सरळ वाटते. कोट्यवधी वर्षे उत्परिवर्तने साचू न देणारी यंत्रणा मानायची तर तिचा वेग प्रयोगशाळेत मोजून दाखवावा लागेल, आणि आता हा जीवाणू वाढवता येत असल्यामुळे ते काम आवाक्यातले आहे.

शैवाल

@उत्खनन, उदाहरण चपखल आहे आणि ते माझ्या प्रमेयाची मर्यादा दाखवते, हे मान्य करायला हवे. तरी त्याच जनुकसंचात आर्कियांकडून आलेली जनुके आहेत, हेही त्याच २००८ च्या लेखात नोंदवलेले आहे. आज एकटा असलेला हा जीव कधीकाळी गर्दीत राहिलेला आहे आणि त्या गर्दीतून मिळालेली सामग्री घेऊनच तो खाली उतरला आहे. थर्मोटोगा मॅरिटिमा या उष्णताप्रिय जीवाणूचेही तसेच. १९९९ साली त्याचा जनुकसंच वाचला तेव्हा सुमारे २४ टक्के जनुके आर्कियांच्या जनुकांशी सर्वाधिक मिळतीजुळती निघाली.

उत्क्रांती थबकण्याविषयी मात्र वेगळे कारण पुढे करावेसे वाटते, ते म्हणजे ऊर्जा. समुद्रतळाच्या गाळात खोलवर पेशींना जेमतेम जिवंत राहण्यापुरतीच ऊर्जा मिळते आणि एका विभाजनाला कित्येक वर्षे लागू शकतात. डेन्मार्कमधल्या ऑर्हूसच्या उपसागरातल्या गाळावर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कामात असे दिसले की खोल थरांतले सूक्ष्मजीव तिथे नव्याने घडलेले नसून वरच्या थरातल्या समूहातूनच निवडून उरलेले आहेत. गाडले गेल्यानंतर त्यांच्यात जनुकीय बदल फारसे साचलेले नाहीत. पिढ्याच इतक्या थोड्या होतात की निवडीला काम करायला वाव मिळत नाही. दक्षिण पॅसिफिकच्या १०.१५ कोटी वर्षे जुन्या गाळातल्या पेशींना २०२० साली खुराक दिला गेला, तेव्हा त्या वाढू लागल्या. तिथे टिकून राहणे म्हणजे जवळजवळ काहीच न करणे असा प्रकार आहे.

मितभाषी

विषाणूंचा उल्लेख आतापर्यंत कोणीच केला नाही. ८० अंशांच्या आम्लात पेशी गिळणारे प्रजीव नसतात, त्यामुळे भक्षकाचे काम जवळजवळ एकट्या विषाणूंकडे असते. इटलीतल्या पोत्झुओली इथल्या झऱ्यातल्या आर्कियांपैकी अ‍ॅसिडिॲनसचा एक विषाणू २००५ साली वर्णिला गेला. तो पेशीतून लिंबाच्या आकाराचा बाहेर पडतो आणि यजमान जवळ नसतानाही, केवळ सुमारे ८५ अंशांच्या उष्णतेत, त्याला दोन्ही टोकांना शेपट्या फुटतात. रिचमंड खाणीतल्या सायीतही जीवाणूंच्या क्रिस्पर नोंदी (पूर्वी भेटलेल्या विषाणूंच्या डीएनएचे जनुकसंचात जपलेले तुकडे) एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वेगळ्या आढळतात, कारण विषाणूंशी झालेली प्रत्येक झटापट तिथे नोंदली जाते. शेजारी मोजताना यांना वगळू नये.

प्रश्नचिन्ह

@दगडफूल, क्षमा केली. आता नवी शंका. परिस्थिती सौम्य झाली तर या समूहांचे काय होते? सामान्य बुद्धीला वाटते की त्यांना दिलासाच मिळावा.

खारफुटी

@प्रश्नचिन्ह, उलटच होते. चिलीतल्या अटाकामा वाळवंटाच्या अतिशुष्क गाभ्यात २०१५ आणि २०१७ साली पाऊस पडला आणि युंगाय भागात उथळ तळी साचली. त्या तळ्यांचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की मूळच्या मातीतल्या ७५ ते ८७ टक्के प्रजाती त्यांत उरल्या नव्हत्या. अत्यल्प ओलाव्याला सरावलेल्या पेशींत पाणी एकदम घुसले आणि त्या फुटल्या. जगायला पाणी लागते हे खरे, पण किती पाणी सोसते हे प्रत्येक वंशाच्या इतिहासावर अवलंबून असते.

त्याच वाळवंटातल्या मिठाच्या गाठींत राहणाऱ्या समूहाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. पावसानंतर तिथली प्रजातींची घडी विस्कटली आणि काही काळाने समूहाची एकूण कामे पूर्ववत झाली, पण ती करणारे जीव तेच राहिले नाहीत. रिकाम्या झालेल्या जागा त्यांच्या निकटच्या दुसऱ्या वाणांनी घेतल्या. अटलांटिकच्या तळावर २००० साली सापडलेल्या लॉस्ट सिटी या क्षारधर्मी उष्ण झऱ्यांच्या मनोऱ्यांत हेच संथ गतीने दिसते. तिथल्या मनोऱ्यांची वये काढून त्यांतले सूक्ष्मजीव ताडले असता, तरुण मनोऱ्यांत अगदी दुर्मिळ असलेले वाण हजारभर वर्षांनी जुन्या मनोऱ्यांत बहुसंख्य झालेले आढळले. जे अल्पसंख्य सदस्य आज निरुपयोगी भासतात, ते बदललेल्या परिस्थितीसाठीचा राखीव साठा असतात.

उत्खनन

मग जिथे शेजारी नाहीत आणि एकटा रहिवासीही नाही, अशी पाण्याची जागा पृथ्वीवर आहे का? इथिओपियातल्या डल्लोलविषयी २०१९ साली दोन परस्परविरोधी निष्कर्ष आले होते. एका गटाला तिथल्या उष्ण, अतिखारट, शून्याच्या आसपास सामू असलेल्या पाण्याच्या निक्षेपांत अतिसूक्ष्म आर्कियांच्या खुणा मिळाल्या. दुसऱ्या गटाला जीवसृष्टी आढळली नाही. यांतले कोणते ग्राह्य धरावे?

शैवाल

मला दुसऱ्या गटाचे काम अधिक भक्कम वाटते, आणि ते त्यांच्या पद्धतीमुळे. त्यांनी अनेक जागांचे नमुने घेतले, प्रयोगशाळेतल्या रसायनांतून आणि माणसांच्या वावरातून येणाऱ्या डीएनएची वेगळी पडताळणी केली, पेशी मोजल्या, वाढवूनही पाहिल्या, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींसारखे दिसणारे गोल कण रासायनिक तपासणीत सिलिकाचे निघाल्याचे दाखवले. आसपासच्या, तितक्या आम्लधर्मी नसलेल्या खारट पाण्यात त्यांना विविध आर्किया भरपूर मिळाले. म्हणजे त्यांची साधने जीव शोधायला अपुरी नव्हती. त्यांच्या मते दोन अडथळे निर्णायक आहेत. काही तळ्यांत मॅग्नेशियमचे क्षार इतके आहेत की जैविक रेणूंची घडीच मोडते आणि पाणी असूनही पेशीला ते वापरता येत नाही. तर इतरत्र टोकाचे आम्ल आणि टोकाचे मीठ एकत्र येतात. यांतले एकेक संकट सोसणारे वंश वेगवेगळे सापडतात, पण ही दोन्ही एकाच वेळी सोसणारा वंश त्यांना सापडला नाही. डल्लोलचे झरे सतत जागा बदलतात आणि लगतच्या खारट पाण्यातून आर्कियांचे बीज तिथे पोचत राहणारच, तेव्हा न पोचल्यामुळे ते तिथे नाहीत असेही म्हणता येत नाही.